रुग्णालयाच्या हेलिपॅडला हवेतली वाटही राखा

महोदय,

आंबा किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गंभीर रुग्णाची घाटावरची वाट खुंटते आणि रुग्णालयाजवळ हेलिपॅड हवे, ही मागणी पुन्हा डोके वर काढते. मागणी रास्त आहे. पण काँक्रीट ओतणे हा त्यातला सोपा भाग.

'ध्रुव' हेलिकॉप्टर पाती फिरत असताना सुमारे १६ मीटर लांब भरते. उतरायला त्याच्या दीडपट, म्हणजे २४ मीटरचा चौरस आणि चहूबाजूंनी ४ मीटरचा मोकळा पट्टा धरला की झाले ३२ बाय ३२ मीटर. दहा गुंठेच. एवढी जागा कातळावर कुठेही मिळेल. घोडे अडते ते त्यापुढच्या हवेत, हेलिकॉप्टर येण्याजाण्याच्या वाटेत. सर्वांत ढिले प्रमाण धरले तरी पट्ट्याच्या कडेपासून दर ८ मीटरला अडथळ्याची उंची १ मीटरच वाढलेली चालते. म्हणजे २० मीटरचा माड १६० मीटरच्या आत नको. अशा वाटा दोन लागतात, कारण हेलिकॉप्टर वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते आणि आपल्याकडे पहाटे मतलई, तर दुपारी खारे वारे. आज गुडघाभर असलेले रोप किंवा उद्याचा मोबाइल टॉवर यातली एक वाट कायमची बंद करू शकतो.

तारा तर वैमानिकाला दिसतच नाहीत. तो खांब पाहून अंदाज बांधतो. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात खुद्द मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळले होते. वाटेखालची वाहिनी महावितरणने भूमिगत करावी, निदान तारांवर रंगीत गोळे लावावेत.

पात्यांच्या वाऱ्याचा विचार तर कोणीच करत नाही. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या डेरिफोर्ड रुग्णालयात मार्च २०२२ मध्ये उतरत्या हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने पडून वाहनतळावरच्या ८७ वर्षांच्या बाई दगावल्या. आपल्याकडे भर पडते ती पागोळीच्या सुट्या पत्र्यांची, निळ्या ताडपत्रीची, सुकलेल्या झावळांची आणि जांभ्याच्या लाल धुळीची. पत्रा उडून पात्यात गेला तर रुग्णासकट सगळेच संपले. म्हणून भोवतीची माती दगडी फरशीने किंवा आखूड हिरवळीने बांधून टाकावी, उतरण्याआधी पाणी मारावे आणि वाहनतळ जवळ ठेवूच नये.

पावसाळ्यानंतर काँक्रीटवर शेवाळ धरते, पांढऱ्या क्रॉसवरचा लाल 'एच' पुसट होतो, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक खाऱ्या हवेत फाटतो. हे दर महिन्याला कोणीतरी पाहायला हवे. स्ट्रेचरची वाट सलग आणि पक्की असावी, खडीची नको. एका बाजूचे चाक रुतले तरी स्ट्रेचर कलंडते. चादर पट्ट्याखाली घट्ट खोचावी, सलाइनचा दांडा खाली घ्यावा. वैमानिकाने खूण केल्यावरच समोरून जवळ जावे, शेपटीकडून कधीच नाही. जमीन उतरती असेल तर खालच्या अंगाने जावे, वरच्या अंगाला पाती डोक्याशी येतात. हा सराव वॉर्डबॉय आणि सुरक्षारक्षकांनाही द्यायला हवा, कारण स्ट्रेचर ढकलतात तेच.

दोन्ही वाटा अक्षांश-रेखांशांसह विकास आराखड्यात नोंदवाव्यात, म्हणजे बांधकाम परवानगी देतानाच नगर रचना विभागाला उंचीची मर्यादा दिसेल. आणि हेलिपॅडच्या फाटकाची एक किल्ली अपघात विभागात, खिळ्याला टांगलेली असावी.

– एक वाचक, रत्नागिरी