पोरीचा गंधार बरोबरच होता

महोदय,

नागपुरातल्या एका शालेय गायन स्पर्धेला परवा माझ्या विद्यार्थिनीला घेऊन गेले होते. वर्षभर तंबोऱ्यावर घोटलेला यमन राग, आणि साथीला नुसता की-बोर्ड. गंधारावर, म्हणजे 'ग' या स्वरावर, पोर थबकली, की-बोर्डकडे बघत स्वर जरा चढवला. 'स्वर डळमळतो' म्हणून गुण कापले गेले. ती रडत घरी आली.

तिचा मूळ स्वरच खरा होता. षड्ज, म्हणजे 'सा', २४० हर्ट्झ धरला, तर तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार ३०० चा. की-बोर्डचा ३०२ च्याही वर, कारण त्यात सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. दोन हर्ट्झने काय होते? तंबोरा छेडून की-बोर्डवर तो स्वर दाबून बघा, कानात लाटा उठतात. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे हळुवार झुलणारा, कोमल गंधार तर पट्ट्यांवर सापडतच नाही.

१९४० ते १९७१ आकाशवाणीने अशाच पट्ट्यांच्या पेटीवर (हार्मोनियमवर) बंदी घातली होती. तेवढे टोक नको. पेटी मलाही प्रिय आहे. पण आयोजकांनी मंचावर तंबोरा ठेवावा आणि तो जुळवायला मुलांना पाच मिनिटे द्यावीत, एवढी कळकळीची विनंती.

– एक गानशिक्षिका, महाल, नागपूर