बोहारणीला साड्या देऊ नकोस

लिंकन, नेब्रास्का
१० फेब्रुवारी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी कामाचं. दादा म्हणाला, तू कपाट आवरायला काढलंयस आणि जुन्या सुती साड्यांचं गाठोडं बोहारणीसाठी बांधून ठेवलंयस. ते गाठोडं सोड. एक पातेलं कमी आलं तरी चालेल, भांडी बाजार आपल्यापासून दहा मिनिटांवर आहे. त्या साड्या मला हव्यात. का ते सविस्तर लिहिते, नाहीतर फोनवर तू "चिंध्या कशाला गं तिकडे" म्हणून विषय बदलशील.

इथे बाहेर उणे बारा आहे. निफाडला पारा पाचावर आला की आपल्याकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. इथे पाच म्हणजे लोक जाकीट काढून फिरतात. तेव्हा घरात बसून शिवणं हेच खरं हिवाळ्याचं काम. सकाळी हे ऑफिसला गेले की मशीन उघडते ती दुपारपर्यंत.

मंगळवारी मात्र चर्चच्या तळघरात जायचं. आम्ही चौदा-पंधराजणी जमतो, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. मी तिथे "लहान मुलगी" आहे, हे वहिनीला मुद्दाम सांग. तिथल्या क्विल्टा, म्हणजे इकडच्या गोधड्या, गरजूंसाठी असतात. लुथरन वर्ल्ड रिलीफ म्हणून संस्था आहे, ती त्या परदेशात निर्वासितांकडे पाठवते. माप ठरलेलं, ६० बाय ८० इंच. वर जोडलेले तुकडे, मधे कापसाचा किंवा जुन्या ब्लँकेटचा थर, खाली अस्तर. त्या टाके घालून भरत बसत नाहीत. ठरावीक अंतरावर जाड दोरा आरपार घालून गाठी मारायच्या, की तिन्ही थर पक्के. माझ्याकडे गाठींचं काम आहे, कारण माझ्या गाठी सुटत नाहीत. हे गजरे बांधून आलेलं शहाणपण, पण ते त्यांना कसं सांगू?

आता माझा पराक्रम ऐक. स्वतःच्या घरासाठी मी एक क्विल्ट करायला घेतली, लॉग केबिन नावाच्या नमुन्याची. मधे एक चौकोन, त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या जोडत जायच्या, अर्ध्या बाजूला फिक्या, अर्ध्या बाजूला गडद. शिवण पाव इंचाची, सुतभरही इकडेतिकडे नाही. मधला चौकोन परंपरेने लाल. ती म्हणे घरातली चूल. मला हे इतकं आवडलं की लाल कापड दुकानातून न आणता मी ओटीतले ब्लाउजपीस काढले. आठवतात ना, वर्षानुवर्षं या घरून त्या घरी फिरणारे, कुणीच न शिवलेले? म्हटलं, चला, एकदाचे मार्गी लागतील. ३६ चौकोन कापले. दोन महिने शिवलं. शेवटचा गोट लावला आणि हौसेने मशीनला धुवायला टाकली.

झाकण उघडलं तर क्विल्ट आपल्या नाशकातल्या तिवंध्याच्या रहाडीत, त्या रंगाच्या हौदात, धप्पा मारून आलेली! सगळ्या पांढऱ्या पट्ट्या गुलाबी. मी तिथेच जमिनीवर बसले. हे आले, बघितलं आणि म्हणाले, "रंगपंचमी यंदा लवकर आली." तीन तास मी यांच्याशी बोलले नाही.

गटातल्या एका आजीला फोन केला. ती म्हणाली, वाळवू नकोस, वाळलं की डाग बसतो. बाथटबमध्ये गरम पाणी भर, भांडी घासायचा पातळ साबण घाल आणि रात्रभर बुडवून ठेव. पाणी लाल झालं की बदल. मी पाच वेळा बदललं. पुष्कळसा रंग निघाला. उरला तो कोपऱ्यातल्या दोन चौकोनांत, तो भाग पलंगाच्या पायथ्याशी घालते.

पुढच्या मंगळवारी ती आजी म्हणाली, "नवीन लाल कापड आधी धुतल्याशिवाय कधी शिवायचं नाही." तेव्हा मला आपली आजी आठवली. तिने कधी नवीन कापडाला गोधडीसाठी हात लावला नाही. मला वाटायचं, गरिबी म्हणून. असेलही. पण वीस वर्षं गोदेच्या पाण्यात आणि घरच्या मोरीत आपटलेल्या लुगड्याला सोडायला रंगच कुठे उरलेला असतो?

म्हणून तिची ती निळ्या काठांची गोधडी घेऊन गेले मंगळवारी. इथे येताना बॅगेत काचेची बरणी फुटू नये म्हणून गुंडाळली होती ना, तीच. टेबलावर पसरली तर बायकांनी आधी उलटी केली. चांगलं शिवणारी बाई मागची बाजू बघते, हे इथेही खरं आहे. धावदोरा कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत गेलेला. एकीने चष्मा लावून टाके मोजले. मग विचारलं, या नमुन्याचं नाव काय? इथे प्रत्येक नमुन्याला नाव असतं. मी म्हटलं, गोधडी. त्या थांबून राहिल्या, पुढे काही सांगेन म्हणून. पुढे काही नव्हतंच.

इथे एक मोठं क्विल्टचं संग्रहालय आहे, विद्यापीठाचं. १९९७ मध्ये एका जोडप्याने जमवलेल्या साडेनऊशेच्या आसपास क्विल्टा दिल्या, तिथून सुरुवात. आता देशोदेशींच्या आहेत, आपल्याकडच्यासुद्धा. तिथे काहीही हात लावून बघता येत नाही, फार चुटपुट लागते. आजीच्या गोधडीवर आम्ही लोळलो, ओकलो आणि पापड वाळवले.

तर आता मला गोधडी करायची आहे, हातानेच. एकदोघी शिकायला तयार आहेत, फक्त जमिनीवर बसता येत नाही त्यांना, तेव्हा टेबलावर. चौकातल्या गोधडी शिवणाऱ्या मावशींना विचारून कळव: आतले थर सरकू नयेत म्हणून आधी कच्चे टाके घालतात का? मध्याशी पोचल्यावर दोरा कसा संपवतात? आजीच्या गोधडीत शेवटची गाठ मला सापडलीच नाही.

साड्या मे महिन्यात सासूबाईंबरोबर दे. त्यांची एक बॅग चिवडा-मसाल्यांनी आधीच भरलेली असणार, दुसरीत जागा मागून ठेव. काठ कापू नकोस. हळदीचे डाग असू देत.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
बेबी

ता. क. मंगळवारी प्रत्येकीने काहीतरी भाजून आणायचं असतं. इथे चेक लोकांची वस्ती जुनी, म्हणून कोलाचे फार. यीस्ट घातलेल्या मऊ पिठाचा गोळा, मधे अंगठ्याने खळगा, त्यात जर्दाळूचं किंवा खसखशीचं सारण. खसखस काळी-निळी असते, दुधात शिजवून गोड करतात. मी एकदा आपली पांढरी खसखस, गूळ आणि वेलदोडा घालून केले. डबा रिकामा परत आला. आता दर वेळी तेच मागतात आणि इथल्या दुकानात पांढरी खसखस परवडत नाही. पाव किलो साड्यांच्या घडीत घालून दे. नको, राहू दे, खसखस विमानातून न्यायला चालते का ते दादाला आधी बघायला सांग.