माझ्यासाठी एक ओळ सोडून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. तिला प्रभूच्या शिस्तीत वाढवीन असे वचन चर्चमधल्या आपल्या मंडळीपुढे देताना माझा कंठ दाटून आला, तो तुमच्या आठवणीने. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

मी नऊ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. आई आणि आजीने मला प्रार्थना शिकवली. बायबलमधल्या तीमथ्याचा, म्हणजे प्रेषित पौलाच्या तरुण सोबत्याचा, विश्वासही आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, हे पुढे वाचले तेव्हा मला फार धीर आला. पण उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही ओळ आली की माझे तोंड मिटत असे, कारण पिता म्हटले की मला रिकामी खुंटीच दिसे. मंडळीची देखरेख करायला निवडलेल्या ‘वडिलां’पैकी एकाच्या हे लक्षात आले आणि त्यांनी मला चारचौघांत उभे करून आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेवर बोल लावले. पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात ही आज्ञा सांगून लगेच, त्याच सहाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, मुलांना चिरडीस आणू नका असे बापांना बजावतो. ते वचन त्यांनी वाचले नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही तुमची नेहमीची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसलात. प्रार्थना सुरू झाली, पहिल्या ओळीला मी गप्प राहिलो, आणि तुम्हीही गप्प राहिलात. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ येथून तुम्ही माझ्याबरोबर म्हणू लागलात. साठी उलटलेल्या, ती प्रार्थना जन्मभर म्हणत आलेल्या माणसाने एका पोराला एकटे पडू नये म्हणून जवळजवळ वर्षभर ती ओळ सोडून दिली. ज्या दिवशी माझ्या तोंडून ‘पित्या’ निघाले, त्या दिवशी तुम्हीही ते म्हणालात आणि त्याविषयी नंतर एक अक्षर काढले नाही.

पुढे फीपासून नोकरीपर्यंत जे केलेत, त्याची यादी तुम्हाला रुचणार नाही. पौल करिंथकरांस लिहितो की ख्रिस्तात तुम्हाला दहा हजार गुरू असले तरी बाप पुष्कळ नाहीत. तुम्ही मंडळीचे वडील म्हणून कधी निवडून आला नाहीत, याचे मला आता वाईट वाटत नाही. शुभवर्तमानांत, येशूला वाढवणाऱ्या योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही. बाळाच्या जिवावर बेतते तेव्हा तो रात्रीच उठतो आणि बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसराची, म्हणजे इजिप्तची, वाट धरतो. मिरजेच्या आपल्या मंडळीत अशी न बोलता उठणारी माणसे अजून आहेत, आणि कितीतरी घरे त्यांच्यामुळे उभी आहेत.

येत्या रविवारी तुमच्या शेजारी थोडी जागा ठेवा. मुलीला घेऊन येतो.

तुमचा,
त्याच बाकावरचा मुलगा