शाळा समूहात जाईल. जनरल रजिस्टर कोठे जाईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ मध्ये मागवले, तेव्हापासून मुलांना पडणारे अंतर आणि शिक्षकांची पदे यांवर पुष्कळ चर्चा झाली व ती व्हायलाच हवी होती. परंतु शाळा बंद होते तेव्हा तिच्या कपाटातील जनरल रजिस्टरांचे, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वह्यांचे, काय होते, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेला शिक्षक या नात्याने मी विचारू इच्छितो.

खेड्यातील मराठी शाळेचा लिहिलेला इतिहास बहुधा या रजिस्टरातच असतो. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. शेतकऱ्याच्या पैशाचा लाभ त्याच्याच मुलांना मिळत नाही, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली आणि वयाच्या किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. देवळात, चावडीत भरणाऱ्या कित्येक शाळा पुढे लोकल बोर्डाकडून स्कूल बोर्डाकडे आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदांकडे आल्या. दारावरची पाटी बदलली, शाळा तपासणाऱ्या दिपोटींच्या (डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या) जागी विस्तार अधिकारी येऊ लागले, रजिस्टर मात्र पुढच्या क्रमांकाने चालू राहिले.

पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी चढले, दलित वस्तीतील मुले कधीपासून दाखल झाली, कोणत्या दुष्काळात पानेच्या पाने ‘गाव सोडून गेला’ या शेऱ्याने भरली, हे त्यात कळते. जन्माची नोंद नसलेल्या मुलांना मास्तरांनी दिलेली १ जून ही तारीख तर आजही असंख्य वृद्धांच्या आधार कार्डावर आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा शाळांच्या याच जुन्या, काही ठिकाणी मोडी लिपीतील, नोंदी धुंडाळाव्या लागल्या. एवढे मोल असलेले दस्तऐवज एरवी खडूच्या खोक्यांशेजारी पडून असतात, याची मला खंत वाटते.

म्हणून शाळेचे स्थलांतर होण्यापूर्वी प्रत्येक रजिस्टराचे पानन् पान स्कॅन करावे, ग्रामसभेसमोर त्याची यादी वाचावी, एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांचे साहाय्य घ्यावे, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे. मूळ रजिस्टर केंद्रशाळेत गेले तरी ते कोणाच्या ताब्यात आहे, हे गावाला लेखी कळले पाहिजे.

मी पहिल्यांदा रुजू झालो त्या शाळेतील सर्वांत जुन्या रजिस्टराची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्लेली होती. त्या पानांवरील मुलांची नावे आता कोठेही मिळणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. सातारा