मा. अध्यक्षांना चौथे पत्र : जिन्याखालच्या मांजरीच्या पिल्लांबाबत

नांदेड, दि. ६ मे २०२१

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती, गृहनिर्माण संस्था

सा. न. वि. वि.

या विषयावर मी आपल्याला नऊ दिवसांत तीन अर्ज दिले. एकाचीही पोच नाही. मिळाली ती लिफ्टशेजारी चिकटवलेली नोटीस : भटक्या जनावरांना खाऊ घालणाऱ्यास पाचशे रुपये दंड. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

रामनवमीला, म्हणजे २१ एप्रिलला, बी विंगच्या जिन्याखाली जुन्या कूलरच्या टपात मांजर व्याली. चार पिल्लं झाली. २७ तारखेला संध्याकाळी ती माझ्या दारात खायला आली होती, तेवढ्यात तळमजल्यावरच्या एका सभासदांनी वॉचमनकडून पिल्लं सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरून मागच्या प्लॉटवर टाकायला लावली. वॉचमनला मी दोष देत नाही, रात्री त्यानेच येऊन सांगितलं. कोरोनाच्या संचारबंदीत मी आणि माझा मुलगा टॉर्च घेऊन गेलो. डोळेही न उघडलेली सहा दिवसांची लेकरं ती. दोन गेलेली होती. दोन धुगधुगीवर होती, ती मी पदरात गुंडाळून आणली. गेलेल्या दोघांसाठी मांजर दोन रात्री जिना वर-खाली करत ओरडत होती. आपण पहिल्या मजल्यावर राहता, आपल्याला ऐकू आलं असणारच.

डॉक्टरांना फोन केला. गाई-म्हशीचं दूध पाजू नका, जुलाब लागतील, म्हणाले. पिल्लांची दूधपावडर शहरात मिळेना, त्यात दुकानं सकाळी सात ते अकराच उघडी. मग मार्ग एकच राहतो : आईला पोटभर खाऊ घालायचं, म्हणजे तिला दूध येईल. आपली नोटीस नेमकं तेच बंद करते. हॉटेलं, टपऱ्या बंद असताना तिने पोट कुठे भरायचं? माझ्या बाल्कनीत खोकं ठेवून पाहिलं, पण ती एकेक पिल्लू मानेला धरून परत जिन्याखाली नेते. कूलरचा झोत लागतो म्हणून मी तिथे जुनी गोधडी घातली आहे, कारण इतक्या लहान पिल्लांना अंगाची ऊब राखता येत नाही. परवा धाकट्याचे डोळे उघडले.

नोटिशीत कोरोनाचं कारण दिलं आहे. हा आजार माणसाकडून माणसाला होतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एप्रिल २०२० मध्ये वाघिणीला लागण झाल्याचं आढळलं, तीही माणसाकडून झाल्याचं सांगितलं गेलं. टाळेबंदीत मुक्या जनावरांच्या खाण्याची सोय करा, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने मार्च २०२० मध्येच राज्यांना कळवलं होतं. सजीवांवर दया करणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगणारं राज्यघटनेचं कलम ५१-क आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आपल्या संस्थेच्या उपविधींच्या (नियमांच्या) वर आहेत, हे आपण जाणताच.

आता त्या सभासदांबद्दल. घाणीची तक्रार करणारे हेच गृहस्थ रोज सकाळी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकतात. त्या विष्ठेमुळे २०१९ मध्ये माझ्या कुरडयांची अख्खी रास फेकावी लागली. तेव्हाही मी लेखी दिलं होतं. त्यांच्या कूलरचं पाणी तीन उन्हाळे पार्किंगमध्ये साचतं आहे, त्यांची स्कूटर माझ्या जागेत असते. मी शेजारधर्म म्हणून गप्प राहिले. दंड मात्र मला.

ए विंगमधल्या दोघी ताई आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा माझ्याच मताचे आहेत. रोज तोंड बघायचं असल्याने त्यांनी सही केलेली नाही, एवढंच.

माझं मागणं फार नाही. नोटीस आजच काढावी. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत जिन्याखालची जागा कुणी हलवू नये. मग त्यांना घरं मी शोधीन आणि मांजरीची नसबंदी माझ्या खर्चाने करून घेईन. नाही तर दूध पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. आणि २७ एप्रिलला पिल्लं कुणाच्या सांगण्यावरून उचलली, हे इतिवृत्तात नावानिशी लिहावं. रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी पोलीस ठाण्यात अर्ज देईन. या पत्राची पोच द्यावी.

आपली विश्वासू,
बी विंग, तिसरा मजला
सभासद