आधी फोटो बारीक करायचं थांबव

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण दोन ओळीत सांगायचा विषय न्हाई म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. साईट उघडली की आधी तीन-चार सेकंद नुसतं पांढरं दिसतंय आणि तू फोटो कॉम्प्रेस करत बसलायस, तर मर्दा ते आधी थांबव. मी पण गेल्या महिन्यात तेच केलतं.

आमच्या गल्लीतल्या काकांचं चपलांचं दुकान तुला माहितेय, त्यांची साईट मी केली. एकदा काका गिऱ्हाइकाला कापशी जोड दाखवायला गेले तर स्क्रीन कोरीच, ते म्हणालं राहू दे, नंतर बघतो. काकांनी काही न बोलता मोबाईल खिशात टाकला, मला लय लागलं ते. मग दोन दिवस फोटो बारीक केले आणि फरक शून्य. कारण पान रंगवायला ब्राउझर फोटोसाठी अडून बसतच न्हाई! तो अडतो हेडमधल्या (पानाच्या कोडच्या वरच्या भागातल्या) सीएसएससाठी, म्हणजे रंगरूप ठरवणाऱ्या फाईलसाठी, आणि डेफर किंवा असिंक (म्हणजे 'हिच्यासाठी थांबू नको' सांगणारा शब्द) न लावलेली स्क्रिप्ट, म्हणजे पानावर चालणारा कोड, दिसली की एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ सांगाडा, वाचायचंच थांबवतो, ती उतरून चालेपर्यंत.

हे मला ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सच्या (पान तपासायच्या हत्यारांच्या) नेटवर्क टॅबनं दाखवलं. डिसेबल कॅश टिक केलं (न्हाईतर आधी साठवलेल्या फाईलींमुळं आपल्या लॅपटॉपवर सगळं पळतच असतं), थ्रॉटलिंगमध्ये नेट स्लो केलं आणि वॉटरफॉल, म्हणजे कुठली फाईल कधी आली ते दाखवणाऱ्या पट्ट्या, बघितला. एचटीएमएल अर्ध्या सेकंदात आलतं, म्हणजे सर्व्हरचा दोष न्हाई. तुझ्याकडं पहिलीच पट्टी लांब असली तर मात्र आधी सर्व्हर बघ, पुढचं सगळं नंतर. माझ्याकडं त्याच्याखाली स्लायडरची एक स्क्रिप्ट होती, कुठल्यातरी बाहेरच्या सर्व्हरवरची, तिची पट्टी पार तीन सेकंदांच्या पुढं गेलेली आणि स्क्रीन पण बरोबर तिथंच उजाडत होती. त्या ओळीवर राईट क्लिक करून रिक्वेस्ट ब्लॉक केली, रिफ्रेश मारलं, आणि पान लगेच समोर! असं एकेक ब्लॉक करून बघणं हीच खरी तपासणी, अंदाज बांधण्यात दिवस जातात.

स्क्रिप्टला डेफर लावलं. तरी थोडं अडकत होतं, तर सीएसएसच्या आत फॉन्टसाठी इम्पोर्ट (दुसरी फाईल मागवणारी ओळ) निघालं. पहिली फाईल आल्यावरच ब्राउझरला कळतं की अजून एक आणायचीय, म्हणजे एकामागं एक हेलपाटे. ते काढून थेट लिंक दिली. आणि देवनागरी फॉन्ट येईपर्यंत क्रोम अक्षरं तीन सेकंदांपर्यंत लपवून ठेवतो, म्हणून फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप टाकलं, आता आधी साध्या फॉन्टात का असंना, भाव तरी वाचता येतो. फोटोचा मुद्दा एलसीपीला, म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणाऱ्या वेळेला, येतो, तिथं सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोवर लेझी लोडिंग (फोटो मागाहून आणायची सोय) असलं तर काढ, तो उलट उशिरा येतो.

गूगल पहिल्या पेंटला, म्हणजे पानावर पहिलं काहीतरी दिसायला, १.८ सेकंदांपर्यंत चांगलं म्हणतं. काकांच्या जुन्या मोबाईलवर दीडच्या आसपास येतंय, त्यांनी स्वतः दोनदा उघडून बघितलं आणि म्हणाले आता दाखवायला हरकत न्हाई.

तुझ्या वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट पाठव, वरच्या दहा ओळी दिसतील असा, रात्री बघून फोन करतो.

तुझा,
पद्या