बाईच्या वाटीत नुसता रस्साच का?

संपादक साहेब, नमस्कार.

मांसाहाराचा विषय निघाला की शाकाहारी चांगलं का मांसाहारी यावरच भांडणं सुरू होतात, पण ज्या घरात मटण शिजतं त्याच घरात पुरुष किती खातो आणि बाई किती खाते हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे सातारा जिल्ह्यात रविवारी मटण ठरलेलं. पहिल्या पंगतीला पुरुष आणि पोरं, नळी सासऱ्यांना, कलेजी मुलाला कारण तो वाढीचा, शेवटी मी आणि सासूबाई बसायचो तेव्हा पातेल्यात तांबडा रस्सा आणि दोनचार हाडं, मग भाकरी कुस्करून तेच खायचं. सासूबाईंचा दोष नाही, त्यांनीही तसंच खाल्लंय आयुष्यभर. वर आमचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, श्रावण पाळायचे ते वेगळंच, पुरुष मात्र श्रावण सोडला तर कधीपण ढाब्यावर जाऊन खाऊन येणार.

हे फक्त आमच्याच घरात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशात आठवड्यातून एकदा तरी मासे, चिकन किंवा मटण खाणारे पुरुष ५७ टक्के आणि बायका ४५ टक्के निघाल्या. आधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात पुरुष ४९ होते, बायका ४३, म्हणजे चार-पाच वर्षांत पुरुषांचं आठ टक्क्यांनी वाढलं आणि बायकांचं जेमतेम दोन. आणि २०१९-२१ च्याच सर्वेक्षणात रक्त कमी असलेल्या बायका ५७ टक्के, पुरुष २५. पाळी, बाळंतपण ही कारणं आहेतच, पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. कलेजी-मटणातलं लोह पालेभाजीपेक्षा अंगी लवकर लागतं, मग जिला जास्त पाहिजे तिलाच नुसता रस्सा, हे कुठलं वाढणं?

ज्या बाईला खायचंच नाही, माळकरी आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण "मला नको, तुम्ही खा" हे आम्ही इतकी वर्षं म्हणतोय की खरंच नको होतं का हे आम्हालाच आता आठवत नाही.

गेल्या वर्षी मुलीचं हिमोग्लोबिन ८ आलं, कॉलेजात जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि घरात मटण होतं का विचारलं, मला हो म्हणताना लाज वाटली. तेव्हापासून पातेलं उतरलं की कलेजी आधी तिच्या वाटीत जाते आणि पंगती बंद केल्यात, पातेलं मध्ये ठेवून सगळे एकदमच बसतो, सासूबाईसुद्धा.

एक वाचक, सातारा